खांद्यामागचे बळ : प्रस्तावना

मानवी शरीरातील सर्व सांध्यांमध्ये खांद्याच्या सांध्याला हालचालीची सर्वाधिक मोकळीक आहे आणि ही मोकळीक त्याला स्थैर्याचा मोबदला देऊन मिळालेली आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोल खोबणीत घट्ट बसतो. दंडाच्या हाडाचा माथा मात्र एका लहान व उथळ खळगीला केवळ टेकलेला असतो. ही खळगी ज्या हाडाचा भाग आहे, तो खवाटा, म्हणजे पाठीच्या वरच्या बाजूस हाताला लागणारे चपटे त्रिकोणी हाड, बरगड्यांशी कोणत्याही सांध्याने जोडलेला नाही; तो स्नायूंच्या थरांवर तरंगत असतो आणि संपूर्ण हाताचा धडाशी असलेला अस्थिबद्ध संबंध गळपट्टीच्या हाडाच्या छातीकडील टोकापुरताच उरतो. उरलेली सगळी जबाबदारी स्नायूंवर येऊन पडते. म्हणूनच खांद्याच्या बळाचा विचार दंडाच्या फुगवट्यापाशी थांबू शकत नाही. खवाट्याला जागच्या जागी धरणारे, वेळ येताच त्याला फिरवणारे आणि दंडाच्या हाडाचा माथा खळगीच्या मध्यावर राखणारे जे स्नायू खांद्याच्या मागे व पाठीच्या वरच्या भागात आहेत, त्यांच्यापर्यंत तो न्यावा लागतो. हे स्नायू हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय असून त्यांच्या संवर्धनासाठी डंबेल्स हे साधन येथे निवडले आहे.

प्रथम या स्नायूंचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. खांद्याला बाहेरून गोलाई देणारा डेल्टॉइड हा एकच स्नायू असला, तरी त्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग मानले जातात. मागचा भाग खवाट्यावरील आडव्या कण्यापासून निघून दंडाच्या हाडाच्या बाहेरील बाजूस, साधारण मध्यावर, चिकटतो आणि हात मागे नेणे, समोर धरलेला हात बाजूला उघडणे व दंड बाहेरच्या दिशेने वळवणे ही कामे करतो. त्याच्या आत, सांध्याला बिलगून, रोटेटर कफ या नावाने ओळखला जाणारा चार लहान स्नायूंचा गट असतो. त्यांपैकी इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर हे दोन खवाट्याच्या मागील पृष्ठभागावरून निघून दंड बाहेर वळवतात आणि हात हलत असताना हाडाचा माथा खळगीतून घसरू देत नाहीत. पाठीवरचा सर्वांत वरचा थर ट्रॅपिझियसचा आहे. कवटीच्या मागच्या बाजूपासून छातीच्या मणक्यांपैकी शेवटच्या मणक्यापर्यंत पसरलेल्या या स्नायूचे वरचे तंतू खांदा वर उचलतात, मधले तंतू खवाटा कण्याकडे ओढतात, तर खालचे तंतू त्याला खाली खेचून वरच्या तंतूंच्या जोडीने फिरवतात. ट्रॅपिझियसच्या खाली, कणा व खवाट्याची आतली कड यांच्या दरम्यान, ऱ्हॉम्बॉइड हे स्नायू तिरके पसरलेले असून खवाटा मागे ओढण्यात त्यांचाही वाटा असतो.

हे सर्व स्नायू एकेकटे काम करीत नाहीत, ही गोष्ट शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच स्पष्ट केली होती. इनमन, सॉन्डर्स आणि ॲबट या तिघांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार हात शरीरालगतच्या स्थितीपासून डोक्यावर सरळ नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी १२० अंश खांद्याच्या मुख्य सांध्यात, तर ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून मिळतात. हे दोनास एक असे प्रमाण प्रत्येक व्यक्तीत आणि हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर तंतोतंत टिकत नसले, तरी त्यामागचे तत्त्व आजही ग्राह्य आहे : खवाटा वेळेवर फिरला नाही, तर हात पूर्ण वर जात नाही, किंवा गेलाच तर सांध्यातील मऊ भागांवर अवाजवी ताण देऊन जातो. पाठीच्या वरच्या भागाचा व्यायाम हा दिसण्यापुरता नसून हाताच्या प्रत्येक उपयोगाशी निगडित आहे, हे या एका निरीक्षणावरून ध्यानात यावे.

असे असूनही हा भाग व्यायामात मागे पडतो, याची कारणे काही अंशी सवयीत, तर काही अंशी कामाच्या बदललेल्या स्वरूपात शोधावी लागतात. जिममधील आरशात छाती व दंड दिसतात, पाठ दिसत नाही. त्यामुळे नवख्या व्यक्तीचा ओढा ढकलण्याच्या व्यायामांकडे असतो. महाराष्ट्रातील तालमींच्या परंपरेत सर्वाधिक प्रतिष्ठा पावलेल्या जोरांमध्येही शरीर हातांनी जमिनीवरून रेटले जाते. पण त्या परंपरेचा पूर्ण विचार केला, तर ओढण्याच्या हालचालींची तेथे उणीव नव्हती, असे दिसते. लाल मातीचा हौदा फावड्याने खणून काढणे, मुद्गल व करेल पाठीमागून फिरवणे, जोडीदाराला पकडीत घेऊन खेचणे आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी नावारूपाला आणलेल्या मल्लखांबावर अंग वर ओढून घेणे, या सर्वांतून मल्लाची पाठ आपोआप घडत असे. तालमीबाहेरही विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदण्यासारखी नित्याची कामे हेच स्नायू राबवीत असत. आज हौदा खणणे सुटले, पाणी नळाला आले आणि दिवसाचे कितीतरी तास संगणकाचा कीबोर्ड, दुचाकीचे हँडल, शिलाई यंत्र किंवा मोबाइल यांच्यासमोर, हात पुढे धरून, जाऊ लागले. अशा दिनक्रमात जोर किंवा बेंच प्रेस तेवढे चालू ठेवले, तर पुढच्या बाजूचे बळ वाढते आणि मागची बाजू जेथल्या तेथे राहते. जोर कमी करणे हा यावरचा उपाय नव्हे. जोराच्या शेवटी जमीन पूर्ण रेटताना बरगड्यांवरचा सेरेटस हा स्नायूही काम करतो आणि खवाटा फिरवण्यात तो ट्रॅपिझियसचा जोडीदार आहे. उपाय आहे तो ढकलण्याला ओढण्याची जोड देण्याचा.

ही जोड देण्यासाठी डंबेल्सची निवड का केली, हे सांगण्यापूर्वी या साधनाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे उचित ठरेल. प्राचीन ग्रीक खेळाडू लांब उडी घेताना हातांत दगडाची किंवा शिशाची वजने धरीत आणि पुढे हीच वजने व्यायामासाठीही वापरली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲडिसन या निबंधकाराने १७११ मध्ये डंबेलच्या सकाळच्या व्यायामाचा उल्लेख केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जगप्रसिद्ध असलेला यूजीन सँडो हा व्यायामपटू १९०४-०५ च्या सुमारास भारतात येऊन गेला; हलके डंबेल्स घेऊन आणि काम करणाऱ्या स्नायूवर लक्ष एकाग्र करून व्यायाम करण्याची त्याची पद्धत पुष्कळ देशांत पसरली. स्वदेशी व परदेशी अशा दोन्ही व्यायामप्रकारांची पद्धतशीर नोंद करण्याचे मोठे काम दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेल्या बहुखंडी ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने केले आणि मराठी वाचकाला या विषयाची परिभाषा दिली. वजनांच्या व्यायामाला वैद्यकात स्थान मिळाले ते थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरमुळे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या अशक्त स्नायूंना क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या वजनाचा व्यायाम देऊन त्याने १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे वॉटकिन्स यांच्यासह एक सुटसुटीत पद्धती मांडली : जे वजन सलग १० वेळाच उचलता येते, त्याच्या निम्म्या वजनाने १०, पाऊण वजनाने १० आणि पूर्ण वजनाने १० आवृत्त्या. आजच्या जिममधील ‘तीन सेट, दहा रेप्स’ या रूढ सूत्राशी या पद्धतीचे नाते उघड आहे.

डंबेलचे गुण सर्वपरिचित आहेत. तो घरात मावतो, दोन्ही हातांना स्वतंत्रपणे काम करायला लावतो आणि त्यामुळे उजव्या-डाव्या बाजूंमधला फरक लपू देत नाही. तसेच मनगट व कोपर यांना आपापल्या सोयीचा कोन घेण्याची मुभा देतो. त्याची मर्यादा मात्र बहुधा दुर्लक्षिली जाते आणि या पुस्तकाची मांडणी त्या मर्यादेच्या जाणिवेतूनच झाली आहे. डंबेलचे वजन केवळ गुरुत्वाकर्षणामुळे आहे आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा एकच, सरळ खाली, असते. जिममधील केबल यंत्रावर ओढीची दिशा बदलता येते. डंबेल वापरताना दिशा बदलायची, तर शरीर वळवावे लागते. ताठ उभे राहून दोन्ही हात समोर धरून बाजूला उघडले, तर हालचाल मागच्या डेल्टॉइडची वाटली, तरी वजन खालीच ओढत असते आणि भार मुख्यत्वे पुढच्या व मधल्या भागावर पडतो. तीच हालचाल धड कमरेतून पुढे झुकवून, जमिनीला जवळजवळ समांतर आणून केली, तर गुरुत्वाकर्षण नेमके मागच्या बाजूच्या विरुद्ध येते. म्हणजे कोणता स्नायू काम करणार हे डंबेलवर छापलेला आकडा ठरवीत नाही, धडाचा कोन ठरवतो.

दुसरी गोष्ट तरफेची. भरलेली बादली अंगालगत धरली तर हलकी वाटते आणि हात लांब करून धरली तर तीच जड होते, हा अनुभव प्रत्येकाला असतो. सांध्यापासून वजनाचे आडवे अंतर जितके अधिक, तितके सांध्यावरचे फिरवणारे बल, म्हणजे आघूर्ण, अधिक. ५ किलोचा डंबेल खांद्यापासून ६० सेंटिमीटर अंतरावर आडव्या हाताने धरल्यास हाताचे स्वतःचे वजन सोडूनही सुमारे २९ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण निर्माण होते. कोपर वाकवून तेच अंतर ३० सेंटिमीटरवर आणल्यास ते निम्मे होते. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेला असल्यामुळे या आघूर्णाला तोंड देताना त्याला डंबेलच्या वजनाच्या कितीतरी पट बल लावावे लागते. त्यामुळे डंबेल कमरेकडे ओढण्याच्या ‘रो’ या व्यायामात १० किलो सहज पेलणाऱ्या व्यक्तीला हात पसरून करावयाच्या ‘रिव्हर्स फ्लाय’मध्ये ३-४ किलोही पुरेसे वाटावेत, यात कमीपणाचे काहीच नाही, तो पदार्थविज्ञानाचा सरळ परिणाम आहे. हे न समजल्यामुळे वजन वाढवले जाते, मग ते उचलण्यासाठी कंबर झटकली जाते, खांदे कानांकडे चढतात आणि ज्या स्नायूसाठी व्यायाम मांडला, तोच कामातून सुटतो.

या दोन तत्त्वांच्या आधारे पुस्तकातील व्यायामांची विभागणी चार गटांत केली आहे. पहिला गट ‘रो’ प्रकारांचा, म्हणजे झुकलेल्या स्थितीत डंबेल वर ओढण्याचा आहे. एक हात व एक गुडघा बाकावर टेकवून, किंवा तिरक्या बाकावर छाती टेकवून तो करता येतो. छातीला आधार असला की कमरेवरचा ताण घटतो आणि झटका देण्याची सोयही राहत नाही. येथे कोपर अंगालगत ठेवल्यास पाठीच्या बाजूचा लॅटिसिमस हा मोठा स्नायू अधिक काम करतो, तर कोपर बाहेर काढल्यास मागचा डेल्टॉइड, मधला ट्रॅपिझियस व ऱ्हॉम्बॉइड यांच्यावर भर येतो. दुसरा गट ‘रिव्हर्स फ्लाय’चा आहे, कोपर किंचित वाकवून हात पंखांसारखे बाजूला उघडणे हे त्याचे स्वरूप. यात हात खाली लोंबत असताना भार जवळजवळ शून्य असतो आणि आडव्या स्थितीत तो कमाल होतो, म्हणून वरच्या टोकाला क्षणभर थांबून सावकाश खाली येणे महत्त्वाचे ठरते. तळव्याच्या दिशेचाही प्रश्न येथे येतो. शोनफेल्ड व सहकाऱ्यांनी याच हालचालीच्या यंत्रावर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तळवे समोरासमोर ठेवल्यास मागच्या डेल्टॉइडची विद्युत-क्रिया तळवे खाली ठेवण्यापेक्षा अधिक आढळली.

तिसऱ्या गटात पालथे झोपून किंवा तिरक्या बाकावर ओणवे होऊन हात वर उचलण्याचे प्रकार येतात. हात डोक्याच्या दिशेने तिरके पसरून, अंगठे वर ठेवून उचलले, तर ट्रॅपिझियसचे खालचे तंतू काम करतात; हात थेट बाजूला पसरले, तर मधले. हे तंतू बहुतेकांत इतके कमी वापरलेले असतात की सुरुवातीला रिकाम्या हाताने केलेला व्यायामही पुरतो आणि १ किलोचा डंबेल हा पुढचा टप्पा ठरतो. चौथा गट दंड बाहेर वळवण्याचा आहे. कुशीवर झोपून, वरच्या हाताचे कोपर काटकोनात बरगडीला टेकवून मनगट छताकडे नेणे हा त्यातील प्रातिनिधिक व्यायाम असून इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर यांच्यासाठी तो विशेष उपयुक्त असल्याचे राइनोल्ड व सहकाऱ्यांच्या २००४ मधील मोजमापांतून दिसून आले आहे. उभ्याने खांदे उचलण्याच्या ‘श्रग’ या लोकप्रिय प्रकाराला येथे गौण स्थान दिले आहे; त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही, परंतु ट्रॅपिझियसच्या वरच्या तंतूंना दैनंदिन जीवनात काम मिळतच असते, खालच्या तंतूंना ते मिळत नाही.

व्यायामाच्या मात्रेविषयी प्रस्थापित मार्गदर्शन साधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सर्व प्रमुख स्नायूगटांच्या बलवर्धक व्यायामाचे आठवड्यातून किमान दोन दिवस सुचवले आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २००९ मधील भूमिकेनुसार ठरवलेल्या आवृत्त्यांपेक्षा एक-दोन अधिक सहज होऊ लागल्या की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवावे. प्रत्यक्षात मात्र अडचण येते ती बाजारात मिळणाऱ्या वजनांची : ५ किलोनंतर बहुधा ७.५ किलोचा डंबेल हाती येतो आणि ही वाढ एकदम ५० टक्क्यांची असते. खांद्यामागच्या लहान स्नायूंना ती झेपत नाही. म्हणून वजन वाढवण्याआधी आवृत्त्या १० वरून १५ किंवा २० पर्यंत नेणे, खाली येण्याचा वेळ वाढवणे आणि वरच्या टोकावरचा थांबा लांबवणे, असा क्रम येथे सुचवला आहे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे जवळपास १ किलो, हा घरगुती हिशेबही सुरुवातीस उपयोगी पडतो.

या व्यायामापासून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा विवेक राखणे हे कोणत्याही प्रस्तावनेचे कर्तव्य आहे. मान व खांद्यामागच्या दुखण्यावर बलवर्धक व्यायामाचा परिणाम तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला. लार्स अँडरसन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ट्रॅपिझियसच्या दीर्घकालीन वेदनेने त्रस्त अशा ४८ नोकरदार स्त्रियांचा समावेश होता. एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून तीनदा, २०-२० मिनिटे डंबेल्सचे व्यायाम केले, ज्यांत ‘रो’ व ‘रिव्हर्स फ्लाय’ यांचा समावेश होता. दुसऱ्या गटाने तितकाच वेळ स्थिर सायकल चालवली. तिसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती दिली गेली. डंबेल्सच्या गटातील वेदना लक्षणीय प्रमाणात कमी झाली आणि व्यायाम थांबल्यानंतरही काही काळ तो लाभ टिकला, तर सायकलच्या गटाला मिळालेला आराम अल्प व तात्पुरता होता. अभ्यास लहान असला, तरी दुखणाऱ्या भागाला विश्रांतीच हवी, या समजुतीला त्याने धक्का दिला.

ठेवणीच्या बाबतीत मात्र अधिक संयम हवा. व्लादिमिर यांडा या झेक तज्ज्ञाने काही स्नायू आखडणे व त्यांच्या विरुद्ध बाजूचे स्नायू दुबळे होणे यांची सांगड घालून पुढे झुकलेली मान व गोलावलेले खांदे यांचे जे वर्णन केले, ते भौतिकोपचारात फार प्रभावी ठरले. परंतु पुढील संशोधनात ठेवण आणि वेदना यांचा संबंध इतका सरळ आढळलेला नाही. वाकलेल्या खांद्यांची माणसे वेदनेविना असतात आणि ताठ बसणाऱ्यांनाही मान दुखते. म्हणून ‘पोक घालवणारा व्यायाम’ असा दावा हे पुस्तक करीत नाही. खांद्यामागचे स्नायू बळकट झाल्याने एकाच स्थितीत बसण्याचा, ओझे उचलण्याचा आणि हात वर नेण्याचा भार पेलण्याची क्षमता वाढते, एवढे म्हणणे पुराव्याला धरून आहे आणि तेवढे पुरेसेही आहे.

काही इशारे येथेच नोंदवणे आवश्यक आहे. पडल्यानंतर हात उचलता न येणे, रात्री झोपमोड करणारी खांदेदुखी, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येणे ही लक्षणे असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही व्यक्तींमध्ये खांदा आखडण्याचा विकार, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, अधिक प्रमाणात आढळतो. त्या अवस्थेत जबरदस्तीने केलेला व्यायाम हानिकारक ठरू शकतो. श्रमाबरोबर डाव्या खांद्यात किंवा हातात येणारी कळ स्नायूची समजून अंगावर काढू नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखू नये. वर नेताना सोडावा व खाली आणताना घ्यावा. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून वाकणे टाळावे आणि छातीला आधार देणारेच प्रकार निवडावेत.

पुस्तकाचा क्रम याच विचाराला अनुसरून आहे : आधी रचना, मग हालचाल, त्यानंतर वजनाची दिशा व तरफ, नंतर चार गटांतील व्यायाम आणि अखेरीस निरनिराळ्या वयाच्या व कामाच्या व्यक्तींसाठी साप्ताहिक आखणी. वाचकाने व्यायामांच्या प्रकरणांकडे थेट वळू नये, कारण कोन आणि अंतर समजल्याशिवाय केलेली हालचाल बाहेरून अचूक दिसली, तरी भलत्याच स्नायूला काम देऊ शकते. ज्यांचा दिवस हात पुढे धरून जातो अशा कारकून, शिक्षक, शिवणकाम करणारे, वाहनचालक आणि विद्यार्थी यांच्यासाठी हे पुस्तक मुख्यत्वे आहे. ढकलण्याचे जितके सेट, निदान तितके ओढण्याचे, हा नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळावा, हलक्या वजनाची लाज बाळगू नये आणि पुढचा डंबेल हाती घेण्यापूर्वी आहे तो झटका न देता, खांदे कानांपासून दूर ठेवून, १५ वेळा उचलता येतो की नाही, हे प्रामाणिकपणे तपासावे.